एक सफदरजंग रोड: इंदिरा गांधी स्मृती संग्रहालय कसे पाहावे

दिल्लीतील १, सफदरजंग रोड हा बंगला संग्रहालय म्हणून बांधलेला नाही. तो इंदिरा गांधींचे राहते घर होता, आणि तो पाहायचा तोही घर म्हणूनच. १९७७ च्या पराभवानंतर त्यांना तो सोडावा लागला होता. १९८० मध्ये त्या पुन्हा पंतप्रधान झाल्या आणि येथेच परतल्या.

संग्रहालय सोमवारी बंद असते, प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरील लोककल्याण मार्ग स्थानकावर उतरून पुढे ऑटो करावी. शक्यतो सकाळी दार उघडताच पोहोचावे, कारण सहलींच्या बस येऊ लागल्या की अरुंद खोल्यांतून रांग तुम्हाला पुढे ढकलत नेते.

सुरुवातीच्या दालनांत छायाचित्रे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. ती सगळी वाचत बसलात, तर पुढच्या भागासाठी ना वेळ उरेल, ना उत्साह. म्हणून ओळखीच्या दोन-चार प्रसंगांपाशी थांबून पुढे सरकावे.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी, हत्येच्या दिवशी, इंदिराजींच्या अंगावर असलेली साडी, झोळी आणि चपला काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत. साडीला गोळ्यांनी पडलेली भोके दिसतात, त्यामुळे बरोबर लहान मुले असतील तर त्यांना आधी कल्पना द्यावी. राजीव गांधींच्या १९९१ च्या हत्येच्या वेळच्या कपड्यांचे अवशेष आणि बूटही येथेच आहेत. आई आणि मुलगा यांचे शेवटचे कपडे एकाच छपराखाली पाहताना गर्दीही आपोआप हळू बोलू लागते.

त्यानंतर येतात अभ्यासिका, बैठकीची खोली आणि जेवणघर. येथे आत जाता येत नाही, काचेतून पाहावे लागते, आणि बहुतेक लोक एक नजर टाकून निघून जातात. माझ्या मते मुक्कामाचा निम्मा वेळ येथेच द्यावा. पुस्तकांची कपाटे आणि बेताचे सामान पाहिले, की देशाचा कारभार पाहणारी व्यक्ती किती साधेपणाने राहत होती, हे माहितीफलकाविना समजते.

शेवटी बागेत यावे. त्या सकाळी ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनोव्ह शेजारच्या अकबर रोडवरील बंगल्यात मुलाखतीसाठी थांबले होते आणि त्यांच्याकडे निघालेल्या इंदिराजी ज्या पायवाटेने चालत गेल्या, तिच्यावर आता स्फटिकाचे आच्छादन आहे. त्या जिथे कोसळल्या, तेवढ्या जागी मात्र काच पारदर्शक ठेवली आहे. घरापासून तिथपर्यंतची वाट तिच्या कडेने स्वतः चालून पाहावी. ती फार लांब नाही.