पहिल्या एअर रायफलला फोरसाइटची रिंग किती मापाची घ्यावी?

१ ऑगस्ट २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीचं ब्राँझ जिंकलं. तेव्हापासून मुलांना रेंजवर घेऊन येणारे पालक एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, स्कोप कुठला घेऊ? आतली क्रॉसहेअर कशी असावी?" ऑलिम्पिक प्रकारांच्या रायफलीवर स्कोप चालत नाही. साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या साधनात, भिंग बसवायलाच नियमाने मनाई आहे. रंगीत फिल्टर तेवढा चालतो. मागे बारीक छिद्राची पीप साइट, पुढे बॅरलच्या टोकाला फोरसाइटची नळी आणि त्या नळीत एक रिंग. स्कोपमध्ये जे काम रेटिकल (आतली क्रॉसहेअर) करतं, ते इथे ही रिंग करते. रायफलीच्या किमतीपुढे तिची किंमत काहीच नाही. म्हणूनच बहुतेक जण रायफलीबरोबर आलेली रिंग तशीच ठेवतात किंवा शेजारच्या लेनवरचा सीनियर जी वापरतो ती मागून घेतात.

नवीन मुलांना लहान रिंग आवडते. बुलला, म्हणजे टार्गेटवरच्या काळ्या गोलाला, घट्ट वेढून बसलेली रिंग दिसली की नेम अचूक लागणार असं वाटतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे, आणि ते पटण्यासाठी थोडं गणित करावं लागतं.

दहा मीटरच्या टार्गेटवरचा काळा बुल ३०.५ मिलिमीटरचा असतो. तो फोरसाइटच्या जागी केवढा दिसतो हे डोळ्यापासून फोरसाइट किती लांब आहे त्यावर ठरतं. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, सेफ्टी फ्लॅग लावा, पोझिशनमध्ये उभं राहा आणि कुणाला तरी डोळ्याच्या कोपऱ्यापासून फोरसाइटपर्यंत टेप लावायला सांगा. समजा अंतर ९० सेंटिमीटर भरलं. म्हणजे टार्गेटपर्यंतच्या अंतराचा साधारण अकरावा हिस्सा, आणि त्या हिशेबाने बुल तिथे पावणेतीन मिलिमीटरचा दिसतो. रिंगच्या मापातून हे पावणेतीन वजा करून निम्मं करा. बुलभोवती जी पांढरी पट्टी दिसते तिची ही रुंदी. माझ्या लेखी रिंगचं माप म्हणजे ही पट्टीच.

३.२ मिलिमीटरची रिंग घेतली तर पट्टी पाव मिलिमीटरचीही उरत नाही. ३.८ला ती अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर जाते, ४.२ला पाऊण मिलिमीटरच्या आसपास येते.

आता होल्डकडे, म्हणजे नेम धरताना रायफल किती स्थिर राहते त्याकडे या. ४.५ मिलिमीटरचा पेलेट (छर्रा) टार्गेटवरच्या आठ गुणांच्या रिंगणाला जेमतेम शिवतो, तेव्हा तो मध्यापासून साडेसात मिलिमीटर सरकलेला असतो. फोरसाइटच्या जागी ते सरकणं पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित कमी भरतं. सुरुवातीच्या काळात ज्याचा होल्ड आठच्या आत-बाहेर फिरतोय, त्याला ४.२च्या रिंगमध्ये बुल हलताना दिसतो, पण बहुतेक वेळ आतच राहतो. ३.२च्या रिंगमध्ये तोच बुल सतत काठाला घासतो, बाहेर जातो, परत येतो. दहाच्या काठावरचा चांगला शॉटसुद्धा त्या रिंगमध्ये काठाला चिकटलेला दिसतो. मग मूल काय करतं? बुल मधोमध आल्याच्या क्षणी ट्रिगर झटकतं. स्क्रीनवर सात उमटतो, आणि घरी सांगितलं जातं की हात स्थिर नाही.

आमच्याकडे छिद्राऐवजी खाच असलेल्या ओपन साइटवरून नुकतीच पीप साइटवर आलेली एक मुलगी प्रत्येक शॉटनंतर रायफल खाली घेऊन म्हणायची, "सर, बुल नाचतोय." तिच्या नळीत ३.४ची रिंग होती. स्टान्सला हात लावला नाही, ट्रिगरला नाही, फक्त ४.३ची रिंग घातली. ती बराच वेळ नुसतीच धरून पाहत राहिली. मग म्हणाली, "आता हलतोय, पण पळत नाहीये." त्या दिवशी तिचा स्कोअर फारसा वाढला नाही. पण शॉट सुटायची वेळ आठ-दहा सेकंदांच्या आत आली, आणि त्यापुढे डोळा थकून खोटं दाखवू लागतो हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मोठ्या रिंगमध्ये मध्य नीट कळत नाही, अशी शंका निघते. एका बाजूची पट्टी अर्धी झाली आणि दुसरीकडची दीडपट, हे डोळा लगेच पकडतो. वर्तुळात वर्तुळ बसवण्यात तो उपजतच तरबेज आहे, त्याला फक्त तुलना करायला पुरेसा पांढरा भाग हवा असतो. तो नसला की रिंगची कड आणि बुलची कड एकमेकांत मिसळतात आणि बुल अंडाकृती दिसायला लागतो. अर्थात ५.०च्या वर गेलात तर मात्र नजर सैलावते.

म्हणून माझा सल्ला असा की ४.१ ते ४.५च्या दरम्यान सुरुवात करा. शक्य असेल तर माप कमी-जास्त करता येणारी फोरसाइट काही दिवस मागून आणा, म्हणजे दहा रिंगा विकत घ्याव्या लागणार नाहीत. नळीचा आटा १८ मिलिमीटरचा आहे की २२चा, हे दुकानात जायच्या आधी पाहून ठेवा. रिंग पारदर्शक घ्यायची की धातूची, यावर मुलं तासन्‌तास वाद घालतात. मला त्यात फार अर्थ दिसत नाही. कडेची जाडी मात्र बघा. फार बारीक कड मंद उजेडात हरवते. आडव्या दांड्या असलेली रिंग नवशिक्याला उपयोगी, कारण रायफल कलली की लगेच दिसतं.

मागच्या पीप साइटचं छिद्र लहान-मोठं करणारी आयरिस १.१ किंवा १.२ मिलिमीटरवर ठेवून सुरू करा. छिद्र लहान केलं की सगळं रेखीव दिसतं खरं, पण अंधारतंही, आणि डोळा ताणला जातो. संध्याकाळी दिवे कमी असलेल्या रेंजवर ती थोडी उघडावी लागते. नजर रिंगवर ठेवायची, टार्गेटवर नाही. बुल किंचित धूसर दिसला तर घाबरू नका. चष्मा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हे फोरसाइटचं अंतर सांगूनच नंबर काढून घ्या. दुसरा डोळा मिटू नका, त्याच्यापुढे ब्लाइंडर (नजर अडवणारी पट्टी) लावा.

रिंग लहान कधी करायची? होल्ड नऊच्या आत टिकायला लागला आणि पट्टी रिकामी वाटू लागली, की एका वेळी ०.१ किंवा ०.२ने खाली या. एका वाईट दिवसानंतर बदलू नका, मॅचच्या आठवड्यात तर मुळीच नको. डायरीत स्कोअरच्या शेजारी रिंगचं आणि आयरिसचं माप लिहीत जा. पुढे बॅरलला एक्स्टेन्शन ट्यूब (लांबी वाढवणारी नळी) लावली तर फोरसाइट लांब जाते आणि बुल तिथे मोठा भरतो, त्यामुळे तीच रिंग अचानक घट्ट वाटते. त्या दिवशी टेप पुन्हा काढा.

आणि कुसाळेसारखं पन्नास मीटरवर जायचं असेल तर हे सगळं गणित नव्याने करावं लागेल. तिथला बुल ११२.४ मिलिमीटरचा असला तरी अंतर पाचपट असल्याने फोरसाइटच्या जागी तो जेमतेम दोन मिलिमीटरचा दिसतो. दहा मीटरची रिंग तिथे ढगळ होते, म्हणून त्या रायफलीच्या रिंगांची डबी वेगळी ठेवा आणि तिच्यावर अंतर लिहून टाका.