डेटा वेअरहाऊसचा डेमो बघायला बसण्याआधी

पुढच्या महिन्यात तीन कंपन्यांचे लोक डेमो द्यायला येणार आहेत आणि त्यातून एक डेटा वेअरहाऊस (ठिकठिकाणचा डेटा एकत्र ठेवून त्यावर रिपोर्ट काढायची जागा) निवडायचं आहे, असं तुमच्याकडे ठरलं असेल, तर आधीचे पंधरा दिवस घरची कामं उरकण्यात घाला. गूगलचं बिगक्वेरी, स्नोफ्लेक, ॲमेझॉनचं रेडशिफ्ट या तिघांचेही डेमो छानच होतात, कारण डेमोतला डेटा त्यांचा असतो. माझ्या डोक्यात एका दूध संघाचं काम पक्कं बसलंय, म्हणून खालची उदाहरणं दुधाची आहेत. तुमचा धंदा कापडाचा किंवा औषधांचा असेल तर शब्द तेवढे बदलून घ्या.

पहिलं काम, डेटा मोजा. "आपला डेटा लई मोठा आहे" हे प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच. कागद घ्या आणि गुणाकार करा. समजा चाळीस हजार दूध उत्पादक आहेत आणि प्रत्येकजण सकाळ-संध्याकाळ दूध घालतो. म्हणजे दिवसाला ८०,००० नोंदी, वर्षाला २ कोटी ९२ लाख. एका नोंदीत उत्पादक क्रमांक, केंद्र, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर आणि वेळ, असे धरून चाला शंभर बाइट. वर्षाचा हिशोब होतो साधारण ३ जीबी, दहा वर्षांचा ३० जीबी. मोबाइलमधल्या लग्नाच्या व्हिडिओंनाही याहून जास्त जागा लागते.

हा आकडा हातात आला की तीन उमेदवारांच्या रांगेत चौथा उभा करा, ज्याचा सेल्समन कधीच येत नाही. तुमचा चालू डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्याची एक वेगळी प्रत फक्त रिपोर्टसाठी ठेवून बघा, किंवा डकडीबी हा लॅपटॉपवरच चालणारा डेटाबेस वापरून बघा. डकडीबी ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत तयार झालं, २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि ३ जीबीच्या फाइलवर बेरजा करायला त्याला साधा लॅपटॉप पुरतो. वेअरहाऊसची गरज आकारामुळेच लागते असं नाही. संकलनाचं सॉफ्टवेअर एकाचं, हिशोब टॅलीत, टँकरचं जीपीएस तिसऱ्याचं आणि पार्लरची विक्री चौथीकडे असेल, वर वीस जण एकाच वेळी रिपोर्ट उघडत असतील आणि सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल, तर छोट्या डेटालाही वेअरहाऊस शोभतं. पण ते कारण लिहून काढा, म्हणजे उद्या चेअरमननी विचारलं तर उत्तर तयार असेल.

दुसरं काम, पाच प्रश्न गोळा करा. हे प्रश्न आयटीच्या माणसांनी बनवायचे नाहीत. जे रिपोर्टची वाट बघत बसतात त्यांच्याकडे जाऊन, ते बोलतात त्याच शब्दांत उतरवून घ्या. संकलनाचे पर्यवेक्षक विचारतील, "गेल्या दहा दिवसांत कुठल्या केंद्राचं फॅट अचानक पडलं?" अकाउंट्सला दर दहा दिवसांचं बिल हवं असतं. आणि दिवाळीआधी दूध दर फरकाचं बिल निघतं तेव्हा प्रत्येक उत्पादकाचं वर्षभराचं दूध एकदम लागतं. हा शेवटचा प्रश्न यादीत असलाच पाहिजे. वर्षभर शांत पडलेलं यंत्र त्या चार दिवसांत काय करतं, यावर निवड फिरू शकते. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर किती वेळात हवं तेही लिहा. बहुतेकांना दोन मिनिटं चालतात, "लगेच पाहिजे" म्हणणाऱ्यांनासुद्धा.

आता बिल. इथे वेळ द्या, कारण तिघांची मीटर मोजायची पद्धतच वेगळी आहे आणि नुसते दर शेजारी मांडून काही कळत नाही.

बिगक्वेरीच्या ऑन-डिमांड पद्धतीत तुमची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) किती डेटा वाचते त्यावर पैसे लागतात. अमेरिकेतल्या रीजनचा (सर्व्हर असलेल्या विभागाचा) जाहीर दर २०२३ पासून टेराबाइटला ६.२५ डॉलर आहे आणि महिन्याचा पहिला टेराबाइट फुकट. मुंबई रीजनचा दर त्यांच्याच किंमत-पानावरून घ्या. ३० जीबीचं टेबल तारखेनुसार विभागलं नसेल आणि डॅशबोर्ड दर तासाला सगळे कॉलम वाचत असेल, तर महिन्यात ७२० फेऱ्या, म्हणजे सुमारे २१ टेराबाइट. फुकटचा एक वजा केला तरी १२५ डॉलरच्या आसपास जातात, तेही एका डॅशबोर्डसाठी. तेच टेबल तारखेने विभागलं (पार्टिशन केलं) आणि डॅशबोर्डला दहाच दिवस मागितले, तर सगळं फुकटच्या टेराबाइटमध्ये बसतं. नव्या मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: साध्या टेबलावर "सिलेक्ट स्टार" (सगळे कॉलम द्या) लिहून शेवटी "लिमिट १०" (दहाच ओळी द्या) लावलं तरी पैसे अख्खं टेबल वाचल्याचेच लागतात. क्वेरी चालवण्याआधी ती किती बाइट वाचणार हे तिथे दिसतं, आणि एका क्वेरीने कमाल किती वाचावं याची मर्यादाही घालता येते. डेमोत ती मर्यादा घालून दाखवायला सांगा.

स्नोफ्लेकचं मीटर रिक्षासारखं आहे, गाडी उभी असली तरी पडतं. क्वेरी चालवणाऱ्या मशिनलाही ते वेअरहाऊसच म्हणतात. सगळ्यात लहान, एक्स-स्मॉल वेअरहाऊस तासाला एक क्रेडिट (त्यांचं बिलाचं एकक) खातं, आणि पुढचं प्रत्येक माप दुप्पट. मोजणी सेकंदावर, पण दर वेळी चालू झालं की किमान ६० सेकंदांचे पैसे. काम नसेल तर ते किती वेळाने झोपावं ही सेटिंग तुमच्या हातात असते. ती दहा मिनिटांवर असेल आणि डॅशबोर्ड दर दहा मिनिटांनी ताजा होत असेल, तर ते कधी झोपतच नाही. दिवसाला २४ क्रेडिट. तीच सेटिंग एका मिनिटावर आणा. क्वेरी पाच सेकंदांची असेल तर दिवसात १४४ वेळा सुमारे ६५ सेकंद, म्हणजे २.६ क्रेडिट. त्याच कामाचं बिल नऊपट कमी-जास्त होतं, आणि कोटेशनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. क्रेडिटचा भाव एडिशन (स्टँडर्ड, एंटरप्राइझ वगैरे) आणि रीजननुसार बदलतो, तो लेखी मागा.

रेडशिफ्ट २०१३ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, त्याचं मूळ पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्तीकडे जातं, त्यामुळे पोस्टग्रेस येणाऱ्या माणसाला ते ओळखीचं वाटतं. क्लस्टर (आपल्यासाठी राखलेली मशिनं) घेतला तर तो चालू असेल तोवर तासाचं भाडं, सर्व्हरलेस (लागेल तेव्हाच मशिन) घेतलं तर वापराच्या सेकंदांचं, तिथेही किमान ६० सेकंद. तुमचं बाकी सगळं आधीच ॲमेझॉनवर असेल तर आधी हेच तपासा. नसेल तर फक्त यासाठी तिथे जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

यानंतरची तयारी परदेशी तुलनांमध्ये सापडत नाही, आणि मी ठेच खाऊन शिकलो ती इथेच. त्या दूध संघाचा पहिला डॅशबोर्ड मी मोठ्या तोऱ्यात दाखवला. पर्यवेक्षकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "साहेब, आमच्याकडं पहाटे पाचला काटा सुरू होतो. तुमचं मशिन ते दूध कालच्या तारखेला धरतंय." बरोबर होतं. वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवलेल्या होत्या, आणि आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे तारीख बदलते. त्याआधी घातलेलं सगळं दूध आदल्या दिवशी गेलं होतं. दहा दिवसांच्या बिलाच्या सीमेवर ही चूक म्हणजे थेट भांडण. बिगक्वेरीत तारीख काढताना एशिया/कोलकाता असं सांगावं लागतं. स्नोफ्लेकमध्ये खात्याचा मूळ टाइमझोन लॉस एंजेलिस असतो. तो बदलला नाही आणि वेळेचा कॉलम सेशनच्या टाइमझोनवर चालणारा असेल, तर सकाळचं अख्खं संकलनच आदल्या दिवशी दिसेल. म्हणून चाचणीच्या फाइलमध्ये पहाटे ५:१० ची एक नोंद मुद्दाम ठेवा.

दुसरी नोंद गडहिंग्लजची ठेवा. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. गडहिंग्लजमध्ये अशी नऊ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. रेडशिफ्टमध्ये व्हारचार, म्हणजे मजकुराच्या, कॉलमची लांबी बाइटमध्ये धरतात. तिथे २० लिहिलं असेल तर लोड अडतो, किंवा कापून भरायचा पर्याय चालू असेल तर गावाचं नाव मध्येच तुटतं. स्नोफ्लेक आणि बिगक्वेरीत लांबी अक्षरचिन्हांत मोजतात.

तिसरी नोंद कऱ्हाडची. त्यातला अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो आणि स्क्रीनवर सगळं सारखंच दिसतं. काही रूपं युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करायच्या प्रक्रियेने) एक होतात, पण ज्यात अदृश्य जोडचिन्ह असतं ते रूप वेगळंच राहतं. गावनिहाय बेरीज केली की कऱ्हाड दोनदा येतं, वर कुणीतरी "कराड" लिहिलेलं असतं ते तिसरं. हे कुठलंच वेअरहाऊस आपणहून सुधारत नाही. गावांना कोड द्या आणि मगच पुढे जा.

चौथी नोंद तीच ती, दोनदा. केंद्रावर नेट गेलं की ऑपरेटर फाइल परत पाठवतो. आपल्याला वाटतं प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) लावली आहे, दुसरी प्रत अडेल. या तिन्ही ठिकाणी नेहमीच्या टेबलांवर प्रायमरी की नुसती नावाला असते, दुहेरी नोंद अडवत नाही. अडवायचं काम लोड करणाऱ्या कोडमध्ये मर्जने (नोंद आधीच असेल तर तीच बदलायची, नसेल तरच नवी घालायची) करावं लागतं. ते कोण लिहिणार, हे डेमोच्या आधी ठरवा.

चुकून पुसलेला डेटा परत मिळण्याचा प्रश्नही विचारा, पण वार लावून. शनिवारी संध्याकाळी कुणी डिलीट मारलं आणि सोमवारी कळलं, तर? स्नोफ्लेकच्या स्टँडर्ड एडिशनमध्ये स्वतः मागे जाऊन बघायची मुभा एक दिवसाची, पुढचे सात दिवस त्यांच्या सपोर्टच्या हाती. एंटरप्राइझमध्ये ती ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. बिगक्वेरीत सात दिवस.

उत्पादकांचे बँक खाते क्रमांक, मोबाइल, आधार टेबलांत असतील, तर वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा तुम्हालाही लागतो. कुठले कॉलम कुणाला झाकायचे याची यादी आधी करा. स्नोफ्लेकमध्ये कॉलम झाकायची सोय एंटरप्राइझ एडिशनपासून मिळते, म्हणजे ही यादी थेट किमतीत उतरते.

अकाउंट्सकडून दोन गोष्टी: बिल रुपयांत येणार की डॉलरमध्ये, आणि जीएसटीचं काय. ताज्या दुधावर जीएसटी नाही, त्यामुळे दूध संघाला भरलेल्या कराचं क्रेडिट पूर्ण मिळेलच असं नाही. १८ टक्के खर्चातच धरून तुलना करा.

सोडून जायची वाट येण्याआधी बघून ठेवा. सगळी टेबलं पार्के या खुल्या प्रकारच्या फाइलमध्ये बाहेर काढायला किती तास आणि किती पैसे, हे चाचणीतच करून बघा.

डेमोच्या दिवशी त्या चार नोंदी असलेली फाइल, पाच प्रश्न आणि पर्यवेक्षक हे तिन्ही खोलीत हवेत, आणि अकाउंट्सच्या मॅडमही. म्हणून तारीख १, ११ किंवा २१ देऊ नका. दहा दिवसांची बिलं निघत असतात, मॅडम जागेवरून उठणार नाहीत.