‘लॉपसायडेड’ हे विशेषण कुठे वापरावे

शब्दकोशात ‘लॉपसायडेड’ या इंग्रजी विशेषणापुढे ‘असंतुलित’ असा अर्थ दिलेला असतो. तो चुकीचा नाही, पण तेवढ्यावर विसंबून लिहायला बसले की फसगत होते, कारण तोल बिघडलेली प्रत्येक गोष्ट लॉपसायडेड नसते.

‘लॉप’ म्हणजे सैल लोंबणे. ज्या सशांचे कान उभे न राहता खाली लोंबतात त्यांना ‘लॉप-इअर्ड’ म्हणतात, ते यामुळेच. अठराव्या शतकात हे विशेषण एका अंगाला कललेल्या जहाजासाठी वापरत असत आणि ते कललेपण शब्दाने अजून सोडलेले नाही. म्हणून वापरण्यापूर्वी एवढे पाहावे, की वर्ण्य वस्तूला दोन बाजू दाखवता येतात का आणि त्यांपैकी एक दुसरीपेक्षा जड, मोठी किंवा खाली गेलेली आहे का. एका कानाशी आखूड आणि दुसऱ्या कानाशी लांब राहिलेले केस लॉपसायडेड ठरतात. मात्र अनेक घटकांचे प्रमाण चुकलेल्या आहाराला ‘अनबॅलन्स्ड’ म्हणावे लागते, कारण तिथे दोन बाजूच नाहीत.

निवडणुकीच्या आणि खेळाच्या बातम्यांत हा शब्द सर्रास येतो. अमेरिकेच्या 1984 च्या अध्यक्षीय निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांना 525 आणि वॉल्टर माँडेल यांना अवघी 13 निर्वाचक मते (म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींची, अध्यक्ष ठरवणारी मते) मिळाली. या निकालाला लॉपसायडेड म्हणताना कोणी अडखळणार नाही. मतदारांची प्रत्यक्ष मते मात्र साधारण 59 विरुद्ध 41 टक्के अशी विभागली होती, तेव्हा नेमके कोणते पारडे मोजतो आहोत हे वाक्यात स्पष्ट असलेले बरे. अशा निकालासाठी मराठीत ‘एकतर्फी’ चपखल बसते. ‘लॉपसायडेड डेव्हलपमेंट’साठी मात्र ‘एकांगी विकास’ हेच योग्य.

खरी परीक्षा होते ती ‘लॉपसायडेड स्माइल’पाशी. अनुवादात त्याचे हमखास ‘तिरकस हसू’ होते आणि बिचारे पात्र विनाकारण कुचकट ठरते. मूळ शब्दात उपरोध नाही. ओठांचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा वर गेला आहे, एवढेच त्यात आहे आणि बहुधा लेखकाला ते हसू लोभस वाटत असते. अशा ठिकाणी एका शब्दाचा हट्ट सोडून ‘ओठांच्या एका कोपऱ्यातून उमटलेले हसू’ असे लिहावे.

जवळच्या शब्दांपैकी ‘वन-सायडेड’मध्ये पक्षपाताचा आरोप येऊ शकतो आणि माणसाला ‘अनबॅलन्स्ड’ म्हटले तर त्याच्या मानसिक स्थितीवर बोट ठेवल्यासारखे होते. ‘असिमेट्रिकल’ हा तटस्थ शब्द आहे: वास्तुकार स्वतःच्या आराखड्याला असिमेट्रिकल म्हणेल, तो न आवडलेला टीकाकार त्यालाच लॉपसायडेड म्हणेल.

हा शब्द आता मध्ये जोडरेघ न देता सलग लिहितात आणि ब्रिटिश उच्चारात मुख्य आघात ‘साय’वर येतो. शेवटच्या ‘एड’मुळे तो क्रियापदाचे भूतकाळी रूप वाटतो, पण ‘लॉपसाइड’ असे क्रियापद प्रचलित नाही. त्यामुळे ‘वादळाने झोपडी लॉपसाइड केली’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य न रचता ‘वादळानंतर झोपडी लॉपसायडेड दिसत होती’ अशी रचना करावी.