उन्हाळी भेंडीवरचा लाल कोळी आणि घरचा निंबोळी अर्क

मार्च सरत आला की आमच्या फलटण भागात उन्हाळी भेंडीवर लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारा अगदी बारीक जीव, पडायला लागतो. वरून पाहिलं तर पानावर मीठ भुरभुरल्यासारखे बारीक पांढरट ठिपके, एवढंच दिसतं. अशा पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले कण चालू लागले की समजा, कोळी आलाय. शेंड्यांना जाळी दिसेपर्यंत थांबू नका, तेव्हा अर्क पुरा पडत नाही.

पहिल्या वर्षी मी थांबले होते. वर दुकानातून आणलेलं, अळीवरचं पायरेथ्रॉइड गटातलं औषध मारलं. आठवड्याभरात कोळी आणखी वाढला. कोळी हा कीटक नव्हेच, आठ पायांचा जीव आहे. त्या औषधानं त्याला खाणारे मित्रकीटक मेले आणि तो मोकाट सुटला. वीस गुंठ्यांतली भेंडी मे अर्ध्यावर यायच्या आत उपटावी लागली. तो तोटा अजून आठवतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

निंबोळी अर्काची तयारी आदल्या जूनपासूनच करायची. झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या सासूबाई आणि मी वेचतो, गर धुऊन काढतो आणि बिया सावलीत वाळवतो. उन्हात घालू नका, कडू द्रव्याचा कस उन्हानं जातो. वाळल्यावर गोणपाटाच्या पोत्यात ठेवा. प्लास्टिकच्या पोत्यात दमट राहून बुरशी येते, आणि बुरशीच्या बिया कामाच्या नाहीत.

वीस गुंठ्यांना साधारण 100 लिटर फवारा लागतो, त्यासाठी 5 किलो बिया घ्या. उखळात जाडसर कुटा. मिक्सरला फार फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो आणि पुढं गाळताना जीव नकोसा होतो. हा चुरा 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. दुसऱ्या बादलीत 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून ठेवा. दुसऱ्या दिवशी भिजलेला चुरा जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळा, पिळून घ्या, साबणाचं पाणी मिसळा आणि सगळं मिळून 10 लिटर भरेल एवढं पाणी घाला. यातला 1 लिटर अर्क 9 लिटर पाण्यात, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला दीड लिटर. पाणी गोडं असू द्या. आमचं बोअरचं पाणी क्षारी आहे, त्यात अर्काचा जोर टिकत नाही, म्हणून मी विहिरीचं आणते. केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा.

फवारणी उन्हं उतरल्यावरच करा. सकाळी तोडणी उरकलेली असावी, म्हणजे पुढच्या तोडणीपर्यंत मध्ये वेळ मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘निंबोळी मारली, काही फरक पडला नाही’ असं सांगणाऱ्या बहुतेकांनी पानाची वरची बाजूच भिजवलेली असते. कोळी राहतो पानाच्या पोटाला. नोझल वर वळवा, झाडाच्या बुडाशी न्या आणि खालून वर मारत या. चार पावलं गेल्यावर मागे येऊन एखादं पान उलटून बघा. पोट कोरडं असेल तर ती ओळ पुन्हा घ्या. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या.

एका फवाऱ्यानं भागत नाही. अंडी बऱ्यापैकी वाचतात आणि कडक उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. म्हणून सहा-सात दिवसांनी दुसरा फवारा हवाच, गरज पडली तर तिसराही. जाळ्यांनी भरलेली पानं आधीच तोडून प्लॉटबाहेर न्या आणि पुरा. आमच्याकडे कच्च्या रस्त्यालगतच्या ओळींवर कोळी सर्वांत आधी येतो, पानांवर धूळ बसते म्हणून. कागद आणि टिचकीची तपासणी दर आठवड्याला मी तिथूनच सुरू करते.