सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व कसे मिळवून द्यावे

मुंबईत उन्हाला तोटा नाही, तरीही रक्ताच्या अहवालात ड जीवनसत्त्व कमी आले की अनेकांना तो अहवालच चुकीचा वाटतो. बहुधा तो चुकीचा नसतो. त्वचेला सावळा रंग देणारे मेलॅनिन सूर्याच्या अतिनील ‘ब’ किरणांना अडवते, आणि त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते ते याच किरणांमुळे. म्हणून गोऱ्या त्वचेला जेवढे ऊन पुरते, त्याहून बरेच अधिक सावळ्या त्वचेला लागते.

पहिली दुरुस्ती वेळेची करावी. सकाळचे कोवळे ऊन सुखद असले, तरी सूर्य खाली असल्यामुळे हे किरण वाटेतच वातावरणात शोषले जातात. गच्चीवर सरळ उभे राहून आपली सावली पाहावी: ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तरच ते ऊन या कामाचे. मे महिन्यात ही वेळ साडेनऊच्या सुमारास सुरू होते. डिसेंबरात मात्र दुपारी साडेबाराच्या आगेमागे मिळून जेमतेम दोन तास मिळतात, म्हणजे नोकरदाराला जेवणाच्या सुट्टीतच बाहेर पडावे लागते. हात आणि पाय उघडे ठेवून अर्धा तास, आठवड्यातून तीन-चार वेळा, हा ढोबळ हिशेब धरावा; परंतु त्वचा चुरचुरू लागण्यापूर्वी सावलीत यावे आणि उन्हाळ्यात दुपारचा कडाका टाळावा. बंद खिडकीच्या काचेतून ‘ब’ किरण जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे वातानुकूलित लोकलमधील खिडकीजवळची जागा इथे कामी येत नाही.

आहारात बांगडा, तारली आणि अंड्याचा बलक उपयोगी आहेत. शाकाहारी व्यक्तींनी दुधाच्या पिशवीवर एफ अक्षराआधी अधिकचे चिन्ह आहे का, हे पाहावे. ते पोषकद्रव्ये मिसळल्याची खूण आहे. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, पण तिच्यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही. प्रौढांना रोज ६०० एककांची गरज धरली जाते, आणि ती केवळ ताटातून भागणे अवघड असते.

जिना चढताना मांड्यांत ताकद नसल्यासारखे वाटणे, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागणे, हाडे दुखत राहणे, अशी लक्षणे असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने २५-हायड्रॉक्सी ही तपासणी करावी. तिच्यासाठी उपाशी राहण्याची गरज नसते. प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅमच्या खाली पातळी असल्यास ती सामान्यतः कमतरता मानली जाते.

उपचारात सर्वाधिक घोटाळा पुडीचा होतो. ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे दिली जाते. ती रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, अतोनात तहान आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून वार ठरवून तो पाकिटावरच लिहावा. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळते, तेव्हा ते रिकाम्या पोटी न घेता तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घ्यावे. मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार, अथवा फिट्स किंवा क्षयरोगावरील औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. औषध सुरू केल्यापासून सुमारे तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा तपासणी करून पावसाळ्यातील ढगाळ महिन्यांसाठी पुढचा डोस ठरवून घ्यावा.