मिरचीची पानं खाली वळून आकसत होती: माझा अनुभव

म्हापशात गच्चीवरच्या कुंड्यांत केयेनची लांब, बारीक मिरची आणि एक हरमलची मिरची लावलीय. पावसाळा सरल्यावर शेंड्याची पानं आकसली, कडा खाली वळल्या, देठ लांबले, फुलं गळू लागली. शेणखत वाढवलं, पिवळे चिकट सापळे टांगले, कुणीतरी सांगितलं म्हणून लसूण-मिरचीचा काढाही मारला (मिरचीवर मिरचीचाच उतारा!). फरक शून्य, झाडं उपटून टाकावीत इतका वैताग आला होता.

उत्तर पानाच्या वळणात होतं. पान वाटीसारखं वर वळलं तर बहुधा फुलकिडे, उलट्या होडीसारखं खाली वळलं तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी बारीक कीड). हा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंगातून कोवळ्या पानाच्या मागे पिवळसर ठिपके हलताना दिसले.

मग हे केलं. आकसलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकले. पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम घेतलं, आधी वाटीभर पाण्यात कालवलं, मग पंपात ओतलं. ऊन उतरल्यावर, नाकाला फडकं बांधून फवारलं, तेही पानांच्या मागून. वरवर शिंपडून काही होत नाही. आठवड्याने पुन्हा एकदा.

कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात. कडक उन्हातही तेच.

वाकडी झालेली जुनी पानं सरळ होत नाहीत, तिकडे बघू नका. नवी पालवी सपाट आली की जमलं. माझ्याकडे आता फुलं टिकतायत.