नर्सरीतला माल शिळा होऊ नये म्हणून

किराणा दुकानात साबणाची वडी सहा महिने फळीवर राहिली तरी वडीच राहते. नर्सरीत सहा महिने एका जागी पडलेल्या जास्वंदीची मुळं पिशवी फाडून जमिनीत शिरतात. गिऱ्हाइकाने ती उचलली की मुळं तुटतात आणि दुसऱ्या दिवशी झाड मान टाकतं. म्हणून रोपं किती आहेत याच्या आधी ती कधीपासून आहेत हे कळायला हवं.

गाडी आली की. उरुळी कांचनकडचा माल असो की आंध्रातल्या कडियमचा, लगेच विक्रीला लावू नका. आठ-दहा दिवस शेडनेटखाली वेगळा ठेवा. प्रवासात पानं गळतात, ती पुन्हा येतील. भीती पिठ्या ढेकूण या किडीची. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ते रोप बाकीच्यांत मिसळू नका.

वही. आल्याची तारीख, कुठून आणलं, पिशवीचा आकार, नग, दर. शिवाय दर महिन्याला एक रंग ठरवा आणि माल आला त्या महिन्याच्या रंगाचा ऑइलपेंटचा ठिपका पिशवीवर द्या. वही न उघडता जुना माल ओळखू येतो. मेलेली रोपंही लिहा, लाज वाटली तरी. ४० रुपयांची १०० रोपं आणली आणि १५ मेली, तर उरलेलं प्रत्येक रोप ४७ रुपयांना पडलं. विक्रीचा भाव या आकड्यावरून धरायचा.

हंगाम. आंबा-चिकूची कलमं पावसाच्या सुरुवातीला हातोहात जातात. मोगरा उन्हाळ्याच्या तोंडावर भरा. दसऱ्याला फुललेला झेंडू हवा तर बी साधारण दोन महिने आधी पडायला हवं. तुळशीच्या लग्नापर्यंत तुळस हवी तेवढी ठेवा. नंतर थंडीत ती खंगते, तेव्हा थोडीच आणा.

उरलेला माल. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पिशवी उचलून जागा बदला. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं की वर सांगितलेली जास्वंद तयार होते. मुळं पिशवीत गोल फिरू लागली की रोप मोठ्या कुंडीत घ्या आणि भाव वाढवा. चाफा, पाम, अडेनियम वयाबरोबर महाग होतात, त्यांची घाई नको. जास्वंद, बोगनवेल छाटा, नवी फूट येते. छाटलेल्या काड्या लावल्या की पुढचा माल घरचाच. पेटुनियासारखी हंगामी फुलं मात्र कोमेजू लागण्याआधी निम्म्या भावात काढा. उन्हाळ्यापर्यंत जपलेला पेटुनिया शेवटी कंपोस्टच्या खड्ड्यातच जातो.

लेबल. कोवळ्या कलमाच्या पानांवरून हापूस की केसर हे छातीठोकपणे सांगणं अवघड. लेबल गळालेलं कलम हापूस म्हणून विकू नका; गिऱ्हाईक चार-पाच वर्षांनी फळ घेऊन दारात येतं. साध्या मार्करची शाई उन्हात उडते. शिसपेन्सिलीने लिहा, ते टिकतं.